दिवसाचं वाक्य

निखारे सरांचा विषय निघाला की आमच्या क्लासेसमधले लोक अजून त्यांच्या बालटीपासून सुरुवात करतात. धरमपेठेतल्या आमच्या जिन्याच्या वरच्या टोकाला वाळूने अर्धी भरलेली एक लोखंडी बालटी असे आणि तिच्यावर भिंतीवर सरांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं असे, 'तोंड रिकामं करून आत या.' इंग्रजी बोलायला शिकायला येणारे निम्मे पोट्टे गालात खर्रा धरूनच जिना चढत. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून ठेलेवाला घोटून देतो तो खर्रा. तो तोंडात असला की आमचा नागपूरकर मान वर करून, ओठ मिटून, नुसत्या हुंकारांवर अर्धा दिवस काढू शकतो. 'तोंडात खर्रा असला तर मराठी चालते, इंग्रजी नाई चालत,' असं सर म्हणत आणि पोरं हसत हसत बालटीकडे वळत.

आता यातली खरी गोष्ट सांगते. त्या बालटीत दिवसाची पहिली पिंक स्वतः सरांची असे. ते तासाआधी थुंकत, नळावर खळखळून चूळ भरत, रुमालाने ओठ टिपत आणि वर्गात जात. तास संपला की खाली ठेल्यावर. मी त्यांना कितीदा बोलले असेन याचा हिशोब नाही. मी तशीही बोलणारी आहे. ते ऐकून घेत आणि म्हणत, 'मॅडम, तुमची मराठी इस्त्रीची हाय. रागावल्या तरी सुरकुती पडत नाई.' मग मलाच हसू येई आणि विषय तिथेच राही.

मी त्याच क्लासेसमध्ये स्पर्धा परीक्षेचं अंकगणित शिकवते. माझ्या आणि सरांच्या वर्गात प्लायवूडची भिंत आहे, म्हणजे नसल्यासारखीच. माझी मुलं शेकडेवारी सोडवत बसली की मला पलीकडचं सगळं ऐकू येई. सर मूळचे उमरेडचे, कोष्ट्यांच्या घरातले. घरी हातमाग होता, तो त्यांच्या वडिलांच्या हयातीतच गेला. हे बी. ए. झाले, बुटीबोरीच्या एका कंपनीत गेटवर नोंदी करायला लागले आणि तिथे येणाऱ्याजाणाऱ्या साहेबांशी बोलून बोलून इंग्रजी शिकले. त्यामुळे त्यांचं इंग्रजी पुस्तकी नव्हतं. कोण आलं, काय म्हणालं, कुठे बसलं आणि केव्हा गेलं, एवढंच त्यांना उत्तम येत असे, आणि त्यांच्या मते माणसाला बोलायला तेवढंच लागतं. मला हे मत आधी फार बाळबोध वाटलं होतं. पुढे तसं वाटेना.

त्यांची एकच पद्धत होती. रोज प्रत्येकाने उभं राहायचं आणि आपला दिवस एका वाक्यात सांगायचा. 'आय' एकदा म्हणायचं आणि मग 'अँड' लावत लावत एकेक काम पुढे ढकलत न्यायचं, दिवस संपेपर्यंत. याला ते दिवसाचं वाक्य म्हणत. सोपं वाटतं, पण आपल्या माणसाला ते सुरुवातीला मुळीच जमत नाही. मराठीत गेलो, गेली, गेले असं म्हटलं की कोण गेलं ते क्रियापदच सांगून टाकतं, म्हणून माणसाचं नाव घ्यायची आपल्याला सवय नसते. पोरगा उभा राही आणि म्हणे, 'केम टु नागपूर.' सर विचारत, 'कोन आलं गा? तू आला का बस आली? इंग्रजीत वेंट म्हटलं तर कोनीबी गेलं असू शकते. कोन ते सांग पहिले.'

मग भावाचा दिवस सांगायची पाळी आली की तो बिचारा इतका घाबरे की प्रत्येक कामाआधी माणूस आणून उभा करी. 'ही गेट्स अप अँड ही वॉशेस अँड ही गोज.' सर म्हणत, 'तो एकच हाय ना? मंग किती वेळा हाजरी घेशील त्याची?' ती अडचण निस्तरली की तिसरी हटकून येई. 'ही गेट्स अप अँड वॉश अँड गो.' यावर सर हात कमरेवर ठेवत. 'पंगतीत पहिल्याच्याच पानात भाजी वाढते का गा? बाकीच्यांनी काय पाप केलं? ज्याले ज्याले बसवलं, त्याले वाढ.' मला वाटतं, नागपुरात आज शेकडो लोक असे असतील की ज्यांना इंग्रजी बोलताना ती पंगत आठवते आणि मग ते निमूटपणे शेवटच्या क्रियापदाच्या पानातही वाढतात.

एकदा एका मुलाने आपल्या वडिलांविषयी सांगायला सुरुवात केली, 'माय फादर, दे वर्क इन बुटीबोरी.' वर्ग हसला. मुलगा लाल झाला, कारण त्याची चूक कुठे झाली तेच त्याला कळेना. घरी कुणी बापाला 'तो' म्हणत नाही, मग इंग्रजीत कसं म्हणणार? सर हसले नाहीत. त्याच्या बाकाजवळ जाऊन हळू म्हणाले, 'इंग्रजीत बाप एकटाच असते बेटा. मान मनात ठेवाचा अन् ही म्हणाचं. त्यायले राग येत नाई.' मुलाने मोठ्या कष्टाने 'ही' म्हटलं आणि म्हणताना कानाला हात लावला. सरांनी तो हात लावू दिला. त्या मुलाची ती लकब मग अख्ख्या बॅचने उचलली. बापाचं वाक्य आलं की सगळे कानाला हात लावत, आणि बाहेरून पाहणाऱ्याला इथे इंग्रजी शिकवतात की संगीत, असा प्रश्न पडला असता.

राबिया कामठीहून यायची. शेअर ऑटोत कोंबून बसून, वर्गात येईपर्यंत तिची ओढणी चुरगळलेली असे. तिच्या घरी पॉवरलूम होते, आई नव्हती, आणि घरातलं सगळं तीच करी. पहिल्या दिवशी ती उभी राहिली आणि म्हणाली, 'वेक अप. वॉटर ब्रिंग. टिफिन मेक.' सर म्हणाले, 'हे सगळं कोन करते वं?' ती म्हणाली, 'मैंच करती सर.' 'मंग सांग ना तसं.' पण तिच्या तोंडून 'आय' निघेना. निघाला तरी इतका बारीक की भिंतीपलीकडे मला तो ऐकूच येत नसे. सरांनी तिला रागावलं नाही आणि सोडलंही नाही. कित्येक आठवडे ते रोज तेच विचारत, 'कोन करते?' मला भिंतीपलीकडे त्या मुलीची दया येई. मग एक दिवस मला स्पष्ट ऐकू आलं, 'आय गेट अप अँड फिल वॉटर अँड कुक अँड ड्रॉप माय ब्रदर अँड टेक द ऑटो अँड कम हिअर.' सर एवढंच म्हणाले, 'घे आता श्वास.' माझ्या वर्गातल्या मुलांनी वह्यांतून माना वर केल्या होत्या.

ती राबिया पुढे एका साड्यांच्या दुकानात काउंटरवर लागली आणि दोन-तीन वर्षांनी सरांनीच तिला परत बोलावून नवशिक्यांच्या बॅचला मदत करायला ठेवलं.

सरांच्या तोंडाचं पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं ते गुपचुपच्या गाडीवर. गुपचुप म्हणजे तुमची पाणीपुरी. क्लासचे आम्ही सगळे उभे होतो. सर आपली पुरी द्रोणात फोडून, चमच्याने तिचे तुकडे खात होते. मी विचारलं तर म्हणाले, 'तोंड मोठं नाई उघडत आजकाल.' जसं काही दार फुगलंय पावसाने, अशा सुरात. पुढे कळलं की घरी तो जहाल तिखट सावजी रस्साही बंद झाला होता. कोष्ट्याच्या घरात सावजी बंद होणं म्हणजे काय ते नागपूरच्या माणसाला सांगायला नको. शीलावहिनी, त्यांच्या पत्नी, वेगळ्या पातेल्यात त्यांच्यासाठी दहीभात कालवू लागल्या होत्या आणि तोही त्यांना झोंबत होता. जिभेच्या कडेला पांढरट चट्टा होता. तो त्यांनी आरशात रोज पाहिला आणि कुणाला दाखवला नाही. खर्रा मात्र चालूच होता, कारण त्याने म्हणे तोंड बधिर होतं आणि दुखणं कळत नाही. मला याचा अजूनही राग येतो. शहाणा माणूस इतका मूर्ख असू शकतो, याचा राग.

शेवटी वहिनींनीच त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली. एकच गेलं. मग तुकडा काढून तपासला आणि जे निघायचं ते निघालं. डॉक्टरांचं म्हणणं सरळ होतं, ताबडतोब ऑपरेशन करू, जिभेचा बराचसा भाग आणि जबड्याचं हाड काढावं लागेल, आत्ता केलं तर जगण्याची आशा चांगली आहे. सरांनी एकच विचारलं, 'बोलता येईन का?' डॉक्टर म्हणाले, 'घरच्यांना समजेल इतपत येईल, कदाचित.' सर उठले, नमस्कार केला आणि घरी न जाता क्लासला आले. दुपारचा तास त्यांनी घेतला. त्या तासाला मी भिंतीपलीकडे होते आणि मला काहीही वेगळं ऐकू आलं नाही.

काही दिवसांनी शीलावहिनी डबा घेऊन क्लासवर आल्या. डबा निमित्ताला होता. सर वर्गात आहेत हे पाहून त्या माझ्यापाशी बसल्या. बारीक चणीची, फारशी न बोलणारी बाई. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, 'ताई, तुमचं आयकतील ते. मले तर म्हणतात, ही बॅच होऊ दे, मंग पाहू. बॅच का कधी संपते? एक संपली का दुसरी येते. मले मुका चालन ताई. बिनबोलता घरात बसून राहिले तरी चालन. फक्त राहू द्या.'

मी त्याच संध्याकाळी सरांना गाठलं. टीचर्स रूम म्हणून जी एक अडगळ आहे तिथे. मी काही मऊ बोलले नाही. तुम्ही बायकोला फसवताय, स्वतःला फसवताय, जीभ मोठी की जीव मोठा, सगळं बोलले. ते खिडकीशी उभे राहून खाली पाहत होते. मग म्हणाले, 'माझ्या बापाचा माग इकला ना मॅडम, तवा सगळे म्हणे, चला, सुटला बुडा, आता आराम करन. आराम म्हणजे काय ते मी पाह्यलं. सकाळी खाटेवर बसे, संध्याकाळी उठे. घरात कोनी त्याले काई विचारे नाई, कारन त्याच्यापाशी सांगाले काई नव्हतं. लय वर्षं जगला तो तसा. आमी त्याच्या खाटेभवतालून झाडून घेत जाओ. मले हे एकच काम येते. हे गेल्यावर मी दिवसभर काय करू?'

मी म्हटलं, 'जगा.' ते म्हणाले, 'त्याच्यापुढं अँड लावून सांगा ना. जगा अन् काय?' यावर मला उत्तर सुचलं नाही असं नाही. पुष्कळ सुचली. जगा आणि वहिनींशी भांडा, जगा आणि फळ्यावर लिहून शिकवा, जगा आणि मला छळा. मी ती सगळी सांगितली. त्यांनी सगळी ऐकून घेतली आणि म्हणाले, 'राबियाले तयार करू द्या. ती उभी राह्यली का जातो. शब्द देतो.'

मग त्यांनी राबियाला तयार करायला घेतलं, आणि तो प्रकार पाहणं फार कठीण होतं. ते तिला फळ्यापाशी उभं करत आणि स्वतः मागच्या बाकावर जाऊन बसत. ती चांगली शिकवायची. तिचा आवाज आता माझ्या वर्गातच काय, जिन्यातही ऐकू येई. पण पाच-सात मिनिटं झाली की सर उठत. 'असं नाई वं राबिया. थांब, मी दाखवतो.' पंगत तिने चुकीची वाढली, माणूस उशिरा सांगितला, काही ना काही निघेच. ती खडू त्यांच्या हातात देई आणि भिंतीला टेकून उभी राही. एकदा ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, 'मॅडम, मेरे में क्या कम पड रहा, बताओ ना. मैं जल्दी सीख लेती. सर को जाना है ना दवाखाने.' त्या पोरीला वाटत होतं की आपण कच्च्या आहोत म्हणून सर अडकून पडलेत. मी तिला सांगितलं की तुझ्यात काही कमी नाही, ते तुला तयार म्हणणारच नाहीत, कारण तसं म्हटलं की त्यांना जावं लागेल. तिला ते पटलं नाही. ती दुसऱ्या दिवसापासून आणखी लवकर येऊ लागली.

असे महिने गेले. सरांचं बोलणं बदलत होतं. रोज ऐकणाऱ्याला ते हळूहळू कळतं, म्हणजे कळतच नाही. जीभ ताठ होत चालली होती. 'स' गेला, 'ट' मऊ झाला, शब्दाचं शेवटचं अक्षर गळू लागलं. मध्येच थांबून त्यांना लाळ गिळावी लागे. जुने विद्यार्थी अंदाजाने समजून घेत. आम्ही सगळेच अंदाजाने समजून घेत होतो आणि त्यांना तसं भासू देत नव्हतो. क्लासचे मालकसुद्धा तोंडावर काही बोलले नाहीत.

उन्हाळ्याच्या तोंडाशी नवी बॅच आली. बुटीबोरीकडच्या एका कारखान्यात नव्याने लागलेल्या मुली होत्या, आसपासच्या खेड्यांतल्या. कंपनीने त्यांना इंग्रजीचे चार शब्द यावेत म्हणून पाठवलं होतं. मुली गुणी होत्या. जिवंत माणसाच्या तोंडून समोरासमोर इंग्रजी त्यांनी कधीच ऐकलं नव्हतं. सर त्यांच्या दृष्टीने पहिलेच.

एके दिवशी कूलर बिघडला होता म्हणून दोन्ही वर्गांची दारं उघडी होती. पलीकडे सरांनी सांगितलं, 'माझ्या मागून म्हणा.' आणि म्हणाले, 'शी गेट्स अप अँड वॉशेस अँड गोज.' म्हणजे त्यांनी ते म्हटलं असं मला माहीत आहे. प्रत्यक्ष ऐकू आलं ते असं, 'ही गेह अप अँ वॉहे अँ गो.' आणि मग सगळा वर्ग एका सुरात, खणखणीत म्हणाला, 'ही गेह अप अँ वॉहे अँ गो.'

माझ्या हातातला खडू थांबला. मग सर पुन्हा म्हणाले, या वेळी फार सावकाश, एकेक अक्षर जिभेने ढकलत. मध्ये थांबून त्यांनी लाळ गिळली. वर्गानेही सावकाश म्हटलं, एकेक अक्षर ढकलत. आणि ज्या जागी सर थांबले होते त्या जागी मुलीही थांबल्या आणि त्यांनीही लाळ गिळली. त्यात चेष्टा नव्हती. शिकवलेलं तंतोतंत म्हणायचं, हे त्यांना गावच्या शाळेत शिकवलं होतं आणि त्या ते जीव तोडून करत होत्या. इंग्रजी असंच असतं, अशी त्यांची समजूत होती. मी आजवर जे जे ऐकलं आहे त्यात इतकं भयानक काही ऐकल्याचं मला आठवत नाही.

सर बाहेर आले. जिन्याच्या कठड्याला धरून उभे राहिले. मी बाहेर गेले तर माझ्याकडे न पाहता म्हणाले, 'मॅडम, मी असा बोलतो?' मी हो म्हटलं. ते म्हणाले, 'मले तर माझं मले बरोबर आयकू येते.' थोड्या वेळाने त्यांनी राबियाला हाक मारली, खडू तिच्या हातात दिला आणि जिना उतरून गेले. दुसऱ्या दिवशी ते वहिनींबरोबर दवाखान्यात हजर होते, ऑपरेशनला तयार म्हणून.

डॉक्टरांनी मान तपासली आणि नवे फोटो काढले. मग वहिनींना बाजूला बोलावून सांगितलं की आता कापण्यासारखं राहिलेलं नाही, मानेत आणि खाली पसरलंय, किरणांचा शेक देऊ, दुखणं कमी राहील असं पाहू. वहिनींनी मला हे फोनवर सांगितलं. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, 'त्यायले मी सांगतलं नाई ताई. पण त्यायले समजलं. डॉक्टर माझ्यासंग बोलून राहिले होते तवा ते पोतडी भरून राहिले होते, घरी जाची.'

शेकानंतर ते फार उतरले. गालाला भोक पडलं होतं, त्यावर पट्टी आणि पट्टीवर पांढरा दुपट्टा. नळीतून दूध आणि पातळ भाताची पेज. मी दोनदा घरी जाऊन आले. दोन्ही वेळा ते भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि मी आल्याचं कळूनही वळले नाहीत. मला वाईट वाटलं, पण मी समजू शकले. वहिनी चहा करायच्या आणि आम्ही दोघी तो स्वयंपाकघरात उभ्यानेच प्यायचो.

मग एका संध्याकाळी ते क्लासवर आले. कुणाला न कळवता. वहिनींच्या खांद्यावर हात ठेवून जिना चढले, त्यांना बाहेरच्या खुर्चीवर बसवलं आणि वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसले. राबिया शिकवत होती. ती दचकून थांबली, तर त्यांनी हातानेच चालू दे म्हणून खूण केली. माझा तास संपला होता. मी दारात उभी राहिले.

त्याच कारखान्यातल्या मुली होत्या. राबियाने त्यांची जीभ मोठ्या मुश्किलीने वळवून आणली होती. दिवसाचं वाक्य चालू होतं. एकेक जण उठत होती. 'आय गेट अप अँड वॉश अँड टेक द बस.' वाक्यं छोटी होती, पण स्वच्छ होती. ओळीमागून ओळ घेत राबिया मागे आली. शेवटच्या बाकावरच्या मुलीचं झालं. तिच्या शेजारी सर होते. राबिया तिथून पुढे फळ्याकडे वळणार, तेवढ्यात ते उभे राहिले, विद्यार्थी उभे राहतात तसे, बाकाला हात टेकून.

राबिया थांबली. सर बोलू लागले. पहिला शब्द अगदी स्पष्ट आला, 'आय.' त्याला जीभ लागत नाही. त्यापुढचं काही म्हणजे काही कळलं नाही. दुपट्ट्याआडून ओला, फुटका आवाज येत होता आणि मधून मधून 'अँ' ऐकू येत होता. त्या 'अँ'वरून एवढंच समजत होतं की एक काम संपलं आणि दुसरं सुरू झालं. वाक्य लांबत गेलं. अँ, आणि काहीतरी. अँ, आणि काहीतरी. ते गिळायला थांबत आणि पुन्हा पुढे जात. मुली माना वळवून, हात बाकावर ठेवून ऐकत होत्या. एकीनेही तोंडाला पदर लावला नाही. कितीतरी वेळाने वाक्य संपलं. तरी ते उभेच राहिले, राबियाकडे पाहत, चूक सांगेल म्हणून.

राबिया रोज सगळ्यांना म्हणते तेच म्हणाली, 'गुड. सिट डाउन.' सर बसले. ती फळ्याकडे गेली आणि पुढचं वाक्य लिहू लागली.

मी बाहेर वहिनींपाशी आले. त्यांनी आतलं सगळं ऐकलं होतं. मी विचारलं, 'वहिनी, आज सरांनी काय काय केलं? कुठे बाहेर गेला होतात का तुम्ही?'

'नाई वं ताई,' त्या म्हणाल्या. 'कुठी जातात? सकाळपासून पडूनच होते. आज काईच नाई केलं त्यायनं.'